फौजी जवानाची पत्नी आणि परिचारिकेची नोकरी

(महिला मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस वंदन करून मी विषयाकडे वळते. संयोजकांनी मला 'महिला आणि नोकरी' असा भला मोठा विषय दिला होता. मी तो मुद्दाम लहान करून घेतला आहे. देहूरोड, विकासनगर, किवळे, दापोडी, खडकी या पट्ट्यात फौजी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांत नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्या सुना आहेत आणि त्यांतल्या कित्येक जणी आज घरी बसून आहेत. त्या का बसल्या आहेत आणि त्यांनी काय करावे, एवढेच मला सांगायचे आहे.

पलटणीबरोबर फिरणे आपल्या समाजाला नवे नाही. बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या छावणीत झाला, कारण सुभेदार रामजी तेथे लष्करात नोकरीस होते. पुढे ते कुटुंब दापोलीला आले, मग साताऱ्याला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या मागेही बाबासाहेबांचे प्रयत्न होते. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. आणि ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते गावही लष्करी छावणीचे आणि डेपोचेच. तेव्हा बदलीचा हुकूम, ट्रंका बांधणे, पोरांची शाळा मोडणे हे आपल्या आजीपासून आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच की आजीजवळ नेण्यासारखी भांडीकुंडी होती, नातसुनेजवळ जी.एन.एम.ची पदविका आहे. ती ट्रंकेत घालून नेता येते, पण नव्या गावी ती आपोआप चालत नाही.

एका भगिनीची हकीगत सांगते, नाव सांगत नाही. विदर्भातली मुलगी, लग्नानंतर नवऱ्याबरोबर सागरला गेली. तेथे एका खासगी दवाखान्यात तीन वर्षे काम केले. नवऱ्याला सीमेवर फील्ड पोस्टिंग आले, तेव्हा ती दोन मुलांना घेऊन इकडे भाड्याच्या खोलीत राहायला आली. नोकरीसाठी चार ठिकाणी गेली. पहिल्या ठिकाणी रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली निघाली. दुसऱ्या ठिकाणी सागरच्या तीन वर्षांचा कागद मागितला, तो तिने घेतलाच नव्हता. तिसऱ्या ठिकाणी पदविकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे नाव आणि पलटणीच्या कागदात तिसरेच स्पेलिंग. चौथ्या ठिकाणी तिला नवशिकी म्हणून नवशिकीच्या पगारावर घेतले. हातात कसब होते, सलाईनची सुई पहिल्या खेपेला लावणारी मुलगी. पण कागद बोलत नव्हते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की बदलीच्या गावी मिळणारी नोकरी ही जुन्या गावीच अर्धी मिळवायची असते. आपल्याकडे परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, मुंबईला. ही नोंदणी ठराविक मुदतीने नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे ठरलेले तास भरावे लागतात. नवऱ्याबरोबर परराज्यात असलात तरी मूळ नोंदणी मरू देऊ नका. जिचे शिक्षण आणि नोंदणी मध्य प्रदेशात किंवा कर्नाटकात झाली आहे, तिने इकडे येण्यापूर्वीच तेथल्या कौन्सिलकडे ना हरकत प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी अर्ज टाकावा. हा कागद एका कौन्सिलकडून दुसरीकडे जायला वेळ लागतो, आणि तोवर चांगले रुग्णालय तुम्हाला स्टाफ नर्स म्हणून घेणार नाही. २०२३ साली संसदेने नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला आहे, त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. उद्या काम सोपे होईल ही आशा ठेवावी, पण आजचा अर्ज आजच टाकावा.

नावाचे स्पेलिंग सर्वत्र एक करून घ्या. लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र काढा, गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. जवान बंधूंनाही विनंती, पार्ट टू ऑर्डरमध्ये पत्नीचे नाव घालताना तिच्या पदविकेकडे एकदा पाहून लिहा. कारकुनाने घाईत लिहिलेले एक अक्षर तिला पुढे फार नडते.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट, जातीच्या प्रमाणपत्राची. १९९० साली केंद्राने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात केला. त्यापूर्वी केंद्राच्या सवलती धर्मांतरित बौद्धांना मिळत नसत. ही सवलत आपल्या मुलींच्या हातात आहे, पण ती कशी वापरायची याविषयी फार गैरसमज आहेत. विवाहित स्त्रीचे जातीचे प्रमाणपत्र तिच्या वडिलांच्या कागदांवर मिळते, नवऱ्याच्या नव्हे. सासरच्या पत्त्यावर अर्ज करून महिनोन्‌महिने हेलपाटे घालणाऱ्या सुना मी पाहिल्या आहेत. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, हे माहेरून आणावे लागते. आणि महाराष्ट्रात नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते लग्नाआधीच काढून मुलीबरोबर द्यावे. आंदणाच्या कपाटापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

दुसरा गैरसमज राज्याचा. १९९० सालीच सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात निर्णय दिला. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात आला होता, त्याला इथल्या राखीव जागेचा हक्क नाकारला गेला. म्हणजे आपली मुलगी सागरला गेली तर मध्य प्रदेश शासनाच्या राखीव जागेवर तिचा हक्क नाही. आणि बालाघाटची मुलगी सून होऊन पिंपरीला आली तर महापालिकेच्या किंवा राज्याच्या राखीव जागेवर तिचा हक्क नाही. तिने खुल्या जागेसाठी अर्ज करावा, आणि केंद्राच्या भरतीत, म्हणजे रेल्वे, राज्य विमा महामंडळ, एम्स अशा ठिकाणी, आपल्या राज्याचे प्रमाणपत्र वापरावे. फौजी कुटुंबाला केंद्राची नोकरी दुसऱ्या कारणानेही सोयीची आहे. पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे केंद्राचे ३० सप्टेंबर २००९ चे परिपत्रक आहे. हक्क म्हणून ते मागता येत नाही, पण अर्जाला आधार मिळतो.

नोकऱ्या कोठे आहेत? नवरा फौजेत असला म्हणजे बायकोला एम.एच.मध्ये नोकरी मिळते, ही समजूत सोडून द्या. तेथील काम मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकारी आणि पलटणीचे नर्सिंग असिस्टंट करतात. माजी सैनिकांच्या ई.सी.एच.एस. पॉलिक्लिनिकमध्ये नेमणुका कंत्राटी असतात. आपल्या भागात खरी दारे म्हणजे महापालिकेची रुग्णालये, त्यांत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय सर्वांत मोठे, शिवाय मोहननगरचे विमा रुग्णालय आणि खासगी रुग्णालये. आणि एक दार आपल्या बायका पाहतच नाहीत, ते चाकणच्या कारखान्यांचे. पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे ॲम्ब्युलन्स रूम ठेवण्याची अट १९४८ च्या कारखाना कायद्यात होती आणि २०२० च्या नव्या संहितेतही ती आहे. तेथे परिचारिका लागतेच. रुग्णालयातल्यासारखी धावपळ तेथे कमी, पण बोट सापडले, भाजले, चक्कर आली, अशा वेळी निर्णय एकटीने घ्यावा लागतो. देहूरोडहून तळवडेमार्गे चाकण गाठता येते, मात्र कंपनीची बस कोठे थांबते ते आधी विचारा, नाहीतर अर्धा पगार रिक्षात जाईल. बहुतेक वेळा ही भरती ठेकेदारामार्फत होते. तेव्हा नेमणूकपत्र, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, या तीन गोष्टी हातात पडल्याशिवाय स्वस्थ बसू नका. मूळ पदविका कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

पगाराविषयी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस तिने केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे आपण रोज अनुभवतो. 'मॅडम, तुमचे मिस्टर तर पगार घेतात, तुम्हाला कशाला एवढा?' असे विचारणारे आहेत. त्यांना हा आकडा सांगावा. निदान आपला आकडा आपण कमी सांगू नये.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याची किंमत एका भगिनीने मोठी मोजली आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधील लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला. १९७७ च्या एका लष्करी सूचनेत विवाह हे सेवा संपवण्याचे कारण मानले होते, त्यावरून १९८८ साली त्यांची सेवा संपवण्यात आली. ती सूचना १९९५ साली मागे घेतली गेली. पण सेलिना जॉन यांना न्याय मिळायला १४ फेब्रुवारी २०२४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. छत्तीस वर्षे! म्हणून आजही लष्करी भरतीची जाहिरात आली की विवाहाची अट नीट वाचावी, ऐकीव माहितीवर अर्ज करू नये आणि सोडूही नये.

शेवटी घरातल्या मंडळींशी दोन शब्द. रात्रपाळी आली की सासूबाई म्हणतात, नवरा सीमेवर आणि ही रात्री बाहेर. अहो, सीमेवर तोही रात्रीच जागतो! सूनबाई वॉर्डात बारा रुग्ण सांभाळत असते. तिची मुले एका रात्री शेजारच्या आत्याकडे झोपली तर आभाळ कोसळत नाही. आपल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिच्या शेजारची खोली रिकामी आहे, तेथे पाळीवरच्या आयांच्या मुलांना रात्री आठपर्यंत बसवता येईल, एवढे संस्थेने पाहावे अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. मी आणि आणखी दोन निवृत्त परिचारिका आळीपाळीने बसायला तयार आहोत.

येत्या रविवारी वंदनेनंतर मी विहारातच थांबणार आहे. ज्या भगिनींना कौन्सिलचा अर्ज भरायचा आहे त्यांनी पदविका, गुणपत्रिका, लग्नाचा दाखला आणि वडिलांचा शाळेचा दाखला यांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन यावे. मूळ कागद दाखवायला आणा, ठेवायला नको.

जयभीम.