मानेच्या मणक्यांची झीज : समज आणि सावधानता



मानवी मस्तकाचे वजन साधारणतः ४.५ ते ५ किलो असते. हा भार आयुष्यभर पेलणारी मान अवघ्या ७ लहान मणक्यांची बनलेली आहे. वरचे दोन मणके सोडल्यास पुढील प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. वयोमानानुसार तिच्यातील पाण्याचा अंश घटतो व ती चपटी होते. सांधे झिजतात आणि मणक्यांच्या कडांवर हाड वाढते. या अवस्थेस ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ म्हणतात.

साठी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये अशी झीज दिसते. तथापि त्यांपैकी अनेकांना कोणताही त्रास नसतो. त्यामुळे केवळ अहवाल वाचून भयभीत होण्याचे कारण नाही.

त्रास झालाच, तर तो तीन प्रकारचा असतो. पहिल्यात मान आखडते, दुखते. तो बहुधा साध्या उपचारांनी आटोक्यात येतो. दुसऱ्यात मज्जातंतूचे मूळ दाबले जाऊन कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. तिसऱ्यात साक्षात मज्जारज्जूवर दाब येतो. हा प्रकार तुलनेने विरळ, पण सर्वांत गंभीर आहे. त्यात मान फारशी दुखतेच असे नाही. सदऱ्याची बटणे लावणे जड जाते, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, लघवीवरील ताबा कमी होतो. घरची मंडळी ‘आता वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करतात आणि मोलाचा काळ निघून जातो. मज्जारज्जूची झालेली हानी पूर्णपणे भरून येईलच याची शाश्वती नसते. म्हणून ही लक्षणे दिसताच विनाविलंब तज्ज्ञांना दाखवावे. तसेच डाव्या हातातील कळेबरोबर छातीत दडपण व घाम असल्यास मानेला दोष न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

दैनंदिन काळजी सोपी आहे. सामायिकाच्या ४८ मिनिटांत ग्रंथ मांडीवर न ठेवता ठवणीवर, शक्यतो डोळ्यांच्या पातळीजवळ ठेवावा. गुडघे वा मान साथ देत नसल्यास खुर्चीवर बसून आराधना करण्यात संकोच नसावा. दुकानात वही अथवा मोबाईलवर तासन्‌तास मान वाकवू नये. उशी फार उंच नसावी. शेक घ्यावा, व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करावेत. पट्टा दीर्घकाळ वापरल्यास स्नायू दुर्बल होतात. केशकर्तनालयात मान ‘कडकन’ मोडून घेणे तर सर्वथा टाळावे; त्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊ शकते.

पर्युषणातील तपस्वींनी एक बाब विशेषत्वाने जपावी. अनेक वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी जठरास, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडास अपाय करतात. उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपल्या गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. ‘पाळण्यानंतर बघू’ असे म्हणणे हितावह नाही.

देह नश्वर खरा. पण धर्माराधनेचे साधनही तोच आहे. त्याची जपणूक विवेकाने करणे, हे श्रावकाच्या कर्तव्यास धरूनच आहे.

जयजिनेंद्र!