उंचीची फळी: घर बदललं तरी सोबत येणारी नोंद

आजचा विषय थोडा सुतारकामाचा आहे आणि थोडा घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचा. मुलांची उंची नोंदवायची लाकडी फळी घरच्या घरी कशी करायची, आणि मुळात ती का करायची, ते सांगतो.

आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पोराला दाराच्या चौकटीला उभं करायचं, डोक्यावर वही धरायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची. स्वतःचं घर असेल तर उत्तमच. पण भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार असतो. दोन-तीन वर्षांनी सामान बांधायचं, जाताना भिंती रंगवून द्यायच्या. त्या रंगाखाली सगळ्या रेघा जातात.

माझ्या ताईकडे हेच झालं. भाची चार वर्षांची झाली तेव्हा प्रत्येक लग्नाकार्यात कोणी तरी म्हणायचंच, ‘वयाच्या मानाने बुटकीच आहे हो.’ ताईची झोप उडाली. ती डॉक्टरांकडे गेली. उंची भरली ९७ सेंटिमीटर. डॉक्टरांनी विचारलं, ‘मागच्या वर्षी याच सुमाराला किती होती?’ तो आकडा जुन्या घराच्या भिंतीवर, रंगाखाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीचे तक्ते काढले. सहा देशांतली मुलं मोजून केलेले. त्यात आपली दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. त्यानुसार चार वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण १०३ सेंटिमीटर, आणि ९४ च्या वर असलेली मुलगी नेहमीच्या मर्यादेत धरतात. म्हणजे भाची लहानखुरी होती, पण मर्यादेत होती. तरी एका आकड्यावरून ती नीट वाढतेय की थांबलीय, हे कळत नाही. त्याला दोन आकडे लागतात आणि मधला काळ लागतो. आपण सगळे उंचीकडे बघतो, डॉक्टर वेगाकडे बघतात. म्हणून मी फळी करायला घेतली.

लाकूड आणलं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. सहा फूट लांब, सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड पाईन. सागवान मिळालं तर आणखी चांगलं, फक्त खिसा बघा. फळी घेताना एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं, बाक लगेच दिसतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग माप चुकणार नाही का? नाही. लाकूड फुगतं ते रुंदीत. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फरक नगण्य असतो.

आधी पॉलिश पेपर, १२० नंबरचा आणि मग २२०. त्यानंतर खुणा. इथे एक गोष्ट पक्की धरा. दहा-दहा सेंटिमीटर मोजत पट्टी पुढे सरकवू नका. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर हलली तरी अठरा वेळा मिळून जवळजवळ एक सेंटिमीटर चुकतो. टेप एकदाच लावायचा, हलू द्यायचा नाही, आणि सगळ्या खुणा त्याच शून्यापासून करायच्या. मग गुण्या लावून रेघा ओढायच्या.

मार्करची शाई कोऱ्या लाकडात पसरते. म्हणून मी रेघा, आकडे आणि भाचीचं नाव सोल्डरिंग आयर्नने डागून काढलं. त्यासाठी वेगळी टीप ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि हे पॉलिश लावायच्या आधी करा. एका बाजूला सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला फूट-इंच, कारण आजीला सेंटिमीटर सांगून उपयोग नाही. शेवटी पॉलिशचे दोन हात. तारखांच्या नोंदींसाठी मधे हातभर रुंद नाही, पण बोटभर कोरी पट्टी सोडा, तिथे बॉलपेन चालतं.

फळी जमिनीपासून सुरू होत नाही, खाली स्कर्टिंगची टाइल असते. म्हणून माझ्या फळीवरचा पहिला आकडा १५ आहे. कुठल्याही घरात गेलं, की खालची कड जमिनीपासून बरोबर १५ सेंटिमीटरवर येईल अशी टांगायची. आता फळी भिंतीच्या पुढे येते, त्यामुळे पोराच्या टाचा मागे भिंतीपर्यंत जातात आणि ते तिरकं उभं राहतं. उपाय सोपा आहे: फळीच्याच जाडीचा एक ठोकळा टाचांमागे ठेवायचा.

मोजताना चपला नकोत, पोनी आणि आंबाडा सोडायचा, नजर समोर. डोक्यावर हात नको, गुण्या किंवा पुठ्ठ्याचं जाड पुस्तक फळीला काटकोनात टेकवायचं. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, म्हणून वेळ दर खेपेला तीच ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात. ते माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येतं, तेव्हा फळीवर नोंदी दोन वर्षांनंतरच सुरू करा.

आणि दर आठवड्याला मोजू नका. या वयात महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढ होते, मोजण्यातली चूक तेवढीच असते. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या गृहस्थांनी १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी लिहून ठेवली. ती नोंद आजही वाढीच्या शास्त्रात दाखवतात. आपल्यालाही सहा महिने पुरेत. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षी १२, पुढे वेग हळूहळू कमी होतो आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला साधारण पाच-सहा. वर्षाला पाचच्या खाली दिसलं, तर नोंदी घेऊन डॉक्टरांना एकदा विचारा.

भाचीची वर्षभरात सहा सेंटिमीटर वाढ झाली. डॉक्टर म्हणाले, ती तिच्या रेषेवर नीट चालली आहे. ताईने आता लग्नाकार्यात उत्तर देणंच सोडलंय.

एक विनंती. एका फळीवर एकाच मुलाचं नाव घाला. दोन भावंडांच्या रेघा शेजारी आल्या, की मोठी माणसं तुलना करणारच. फळीवरच्या रेघेची बरोबरी फक्त तिच्या खालच्या रेघेशी.

कोणी केली तर लाकूड कुठलं घेतलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.