रांगोळीचे ठिपके, टीव्हीचे ठिपके



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जासाठी अर्ज केला. कारण होतं, नवा टीव्ही. त्यांच्या मुलाला मामाने आपला जुना गेम खेळायचा कन्सोल दिला होता, साधा प्लेस्टेशन ४. दुकानदार म्हणाला, "याला फोर-के टीव्हीच लागेल, नाहीतर गेम चालणार नाही." घरचा ३२ इंची टीव्ही तर ठणठणीत होता. आम्ही म्हटलं, कर्ज देऊ, पण आधी समजून घेऊ. गटातल्या एकीची लेक कॉम्प्युटर शिकते, तिला बोलावलं.

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढता ना? टीव्हीचं चित्रही तसंच." १५ बाय १५ ची रांगोळी म्हणजे २२५ ठिपके. ३० बाय ३० केली, तर ९००. दोन्ही बाजू दुप्पट, काम चौपट! टीव्हीतही तेच. फुल एचडीमध्ये आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. फोर-केमध्ये ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख.

आता ही रांगोळी काढतं कोण? कन्सोल किंवा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर ठिपके किती ठेवायचे, ते खेळणारा स्वतः निवडतो. मशीन जुनं असेल, तर ठिपके कमी करायचे, गेम अडखळत नाही. कन्सोलवर ते बहुतेक वेळा गेम बनवणारेच ठरवून देतात, कारण त्या कन्सोलची ताकद त्यांना आधीच ठाऊक असते.

आणि मुख्य गोष्ट ऐका. २०१३ साली आलेला साधा प्लेस्टेशन ४ फुल एचडीच्या पुढे जातच नाही. फोर-के चित्र देणारा 'प्रो' २०१६ साली आला, तो वेगळा. म्हणजे ताईंनी महागडा टीव्ही घेतला असता, तरी कन्सोलने वाढीव ठिपके दिलेच नसते. शिवाय छोट्या टीव्हीसमोर आठ-दहा फुटांवर बसलं, तर इतके बारीक ठिपके डोळ्यांना वेगळे दिसतही नाहीत.

मग काय केलं? जुन्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयची खाच होती. केबल जोडली, गेम सुरू! ताईंनी अर्ज स्वतःहून मागे घेतला. मुलगाही खूश.

मैत्रिणींनो, पोरांच्या हौसेला आमची ना नाही. पण दुकानात पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा. आपलं मशीन नेमकं कोणतं? ते जास्तीत जास्त किती ठिपके देतं? घरच्या टीव्हीला एचडीएमआय आहे का? उत्तरं कागदावर लिहून न्या. हप्ता आपल्याला फेडायचा असतो, दुकानदाराला नाही.