नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये मी बरीच वर्षं काढली. बी.ए. झालेला, त्यात कविता करणारा, म्हणून कामगार अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडं यायचे. एकदा फेटलिंगमधला एक पोरगा आला. नोकरी सोडायची होती. कारण काय लिहू, असं विचारलं तर म्हणाला, ''घरगुती अडचण लिवा, चाचा.'' मी तसंच लिहिलं. खरं कारण मला ठाऊक होतं. त्याच्या चालीवरून, बोलण्यावरून सगळं खातं त्याला 'बायल्या' म्हणायचं. अंगाला हात कुणी लावला नव्हता. नुसतं हसायचे. चहाच्या सुट्टीत मीही हसलो होतो.

'ट्रान्सफोबिया' हा शब्द मी फार उशिरा ऐकला. जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग ज्यांचं जुळत नाही, अशा माणसांविषयीचा तिटकारा. पण नेमक्या कशाला तिटकारा म्हणायचं, यावर जगभर वाद आहे. कुणी म्हणतं, माणसानं सांगितलेली ओळख नाकारणं हाच द्वेष. कुणी म्हणतं, देहाचं लिंग बदलत नाही हे आमचं मत आहे, त्यात द्वेष कसला? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की तिथल्या समानतेच्या कायद्यातली 'स्त्री' म्हणजे जन्मानं स्त्री. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी आपली ओळख आपण ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य केला होता. आमच्या फिकहच्या जुन्या ग्रंथांतही 'खुन्सा'चं प्रकरण असतं. देहावरून बाई की पुरुष हे ठरत नाही, अशा माणसाला वारसा किती द्यायचा, याचा त्यात बारीक काथ्याकूट आहे. म्हणजे व्याख्येची अडचण आजची नव्हे.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो बाद झाला. त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये कोर्टानं त्यांना महिला म्हणून उभं राहू दिलं. मात्र पुढं फायद्यासाठी पुन्हा पुरुष व्हायचं नाही, हेही बजावलं. त्या निवडून आल्या.

ही बातमी मी चहाला मोठ्यानं वाचली. कोअर शॉपमधली एक बाई म्हणाली, ''चाचा, बरं झालं म्हणा. पण बायकांची जागा आमाला आत्ता कुठं मिळालीया. तीबी वाटून घ्यायची?'' हा तिटकारा का? मला तसं वाटत नाही. फेटलिंगमधल्या त्या पोराला नावानं हाक मारणारी खात्यात ही एकटीच होती. डब्यातली भाकरीही द्यायची. प्रश्न विचारला म्हणून तिला द्वेष करणारी म्हणायचं आणि शब्दही न बोलता नुसता हसणारा मी मात्र सुटायचो, अशी व्याख्या मला मान्य नाही.

आपल्याकडं तर आणखी गंमत आहे, गंमत म्हणावी तर. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगता लुगडं नेसून, डोक्यावर जग घेऊन दारात आला, की सुपातून जोगवा वाढतात. बायाबापड्या पाया पडतात. राजन गवस यांनी 'भंडारभोग'मध्ये त्याचं जगणं मांडलं, २००९ साली 'जोगवा' चित्रपट आला, तो आपण डोळे पुसत पाहिला. पण त्याच घरातला पोरगा आपल्या मनानं लुगडं नेसला, तर त्याला उंबऱ्याबाहेर काढतात. देवीच्या नावानं नेसलेलं चालतं. आणि त्या जोगत्याला तरी कुणी विचारलेलं असतं? केसांत जट आली, घरच्यांनी देवीला सोडला. कुणाला ते लुगडं हवंसं असतं, कुणाला गळफास वाटतं. नाव ठेवणारे दुसरेच, नावं ठेवणारेही दुसरेच.

तो पोरगा पुढं कुठं गेला, मला माहीत नाही. बायकी चालीचा पुरुष होता, की मनानं बाई, हेही मी कधी विचारलं नाही. त्यानं अर्जाखाली सही केली, माझ्याच पेनानं, आणि पेन टोपण लावून परत दिलं. कंपनीच्या फायलीत कारण 'घरगुती अडचण' असंच आहे. अक्षर माझं आहे.