दोन द्रवांचा शेजार



कामगार संघटनेच्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु ज्या टाकीत माणूस उतरतो, तिच्यातील द्रवाचा स्वभाव त्या माणसाच्या बाजूने कोणीतरी समजून घेतला पाहिजे.

५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल ५० मिलिलिटर पाण्यात ओता. मिश्रण १०० न भरता सुमारे ९६ मिलिलिटरच भरते. चोरी कोणी केलेली नसते; दोन्ही जातींचे रेणू एकमेकांना अधिक खेटून बसतात, एवढेच. मिश्रण म्हणजे नुसती बेरीज नव्हे.

वाफेचा हिशेब याहून नाजूक. फ्रान्सच्या राऊल्ट यांनी १८८७ साली सोपा नियम मांडला : द्रवातील रेणूंत ज्याचा जेवढा वाटा, तेवढ्या प्रमाणात त्याचा बाष्पदाब. बेंझीन व टोल्युइन या भावंडांना तो छान लागू पडतो. परक्यांची जोडी जमली, की तो ढळतो. अल्कोहोल आणि पाणी नेहमीच्या दाबाखाली कितीही वेळा उकळून थंड केले, तरी अल्कोहोल वजनाने सुमारे ९६ टक्क्यांवर अडते. तेथे द्रवाचे आणि वाफेचे प्रमाण एकच होते. म्हणूनच आपल्याकडील साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे निर्जल अल्कोहोल करण्यासाठी निराळी युक्ती योजावी लागते.

हे ढळणे मोजायला शास्त्रज्ञ एक गुणक लावतात. मार्ग्युल्स यांनी १८९५ साली त्याचे समीकरण दिले. १९६४ साली विल्सन यांनी मर्म सांगितले : साऱ्या टाकीची सरासरी पुरेशी नाही, प्रत्येक रेणूच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहा. गिरणीच्या खात्याखात्यांतून हिंडलेल्या आमच्यासारख्यांना हे लगेच पटते. १९६८ साली रेनॉन आणि प्राउसनिट्झ यांनी हा विचार, एकमेकांत न मिसळता दोन थर करून राहणाऱ्या द्रवांपर्यंत नेला.

आता टाकीकडे वळू. "पाणीच आहे, बेंझीन नावाला आहे, उतर," असे मुकादम सांगतो. राऊल्टच्या नियमाने पाहिले, तर त्याचे म्हणणे खरे वाटेल. पण पाणी बेंझीनला थारा देत नाही. तेथे तो गुणक दोन हजारांच्या वर जातो! २५ अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम बेंझीन विरघळते. तेवढे विरघळलेल्या पाण्यावर, कोंडलेल्या जागेत, बेंझीनची वाफ जवळजवळ शुद्ध बेंझीनवर असते तेवढीच साठू शकते. आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. टाकीत काय आहे आणि किती आहे, एवढे सांगून भागणार नाही. त्यातून हवेत किती येईल, हेही कामगाराला त्याच्या भाषेत सांगा. आणि गणित कितीही चोख असो, माणूस उतरण्यापूर्वी आतली हवा तपासा. जे समीकरण मालाची शुद्धता राखते, त्याने माणसाचा श्वासही राखावा.