जहाजावरील खोलीची निवड

समुद्रपर्यटनास निघणारें कुटुंब तिकिटांचे दर पाहूं लागलें म्हणजे त्यास आढळतें कीं, मजला जितका उंच व खिडकी जितकी मोठी, तितका दर बहुधा अधिक. सज्जा असलेली खोली महाग. बिनखिडकीची आंतली खोली स्वस्त. यावरून महाग तेंच सुखाचें, असा समज होतो. समुद्राचा न्याय मात्र निराळा आहे.

तराजूची दांडी हलतांना टोंकें वर-खालीं जातात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. लाटांवर जहाजाचेंही तसेंच होतें. टोंकें व वरचे मजले अधिक हलतात. खालच्या मजल्यावर, मध्यभागीं, हेलकावे सर्वांत कमी. म्हणून ज्यास बोट लागते त्यानें खालची, मधली खोली घ्यावी. डोक्यावर नाचघर वा स्वयंपाकघर नाहीं, आणि वृद्धांसाठीं लिफ्ट जवळ आहे, हेंही नकाशावरून पाहून घ्यावें.

आंतल्या खोलींत उजाडल्याचें कळत नाहीं, हा दोष खरा. पण समुद्र डेकवरून सर्वांस सारखाच दिसतो. १९३१ सालीं गोलमेज परिषदेस जातांना महात्मा गांधींनीं ‘राजपुताना’ जहाजावर दुसऱ्या वर्गानें प्रवास केला, आणि आपला बहुतेक वेळ डेकवरच घालविला.

ज्याची प्रकृति धडधाकट व खिसा भरलेला, त्यानें सज्जा खुशाल घ्यावा. परंतु सज्जाच्या मोहानें वृद्ध आईवडिलांस उंचावर, अगदीं टोंकाशीं ठेवणारा मुलगा त्यांना समुद्र दाखवितो खरा, पण तो अंथरुणावरूनच.