जडसंग्रह नोंदवहीत नसलेली वस्तू



प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात जडसंग्रह नोंदवही असते. पृथ्वीगोल केव्हा घेतला, खुर्च्या किती, त्यांतील मोडक्या किती, याची नोंद तीत बिनचूक सापडते. परंतु ज्या वस्तूवर आज शाळेचे निम्मे कामकाज चालते, तिची नोंद मात्र कोठेच नसते. ती वस्तू म्हणजे शिक्षकाच्या खिशातील भ्रमणध्वनी, अर्थात सर्वांच्या बोलण्यातला मोबाईल. तो शिक्षकाने पदरच्या पैशाने घेतलेला असल्यामुळे शाळेच्या नोंदवहीत त्यास स्थान नाही, हे रीतसरच होय. पण तो हरवला तर हानी एकट्या शिक्षकाची होत नाही. पालकांचे क्रमांक, मुलांच्या आधारपत्रांची आणि बँक-पुस्तिकांची छायाचित्रे, हे सारे त्याच्याबरोबर परक्या हाती जाते. यंत्र पुन्हा विकत घेता येते. एखाद्या मजूर पालकाने विश्वासाने दिलेला कागद परत मिळवता येत नाही. म्हणून अशी छायाचित्रे काम संपताच पुसून टाकावीत. चोर कधीच आला नाही, तरी ते योग्यच आहे.

चुडावा हे पूर्णा तालुक्यातील गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावर आहे. या बाजूस ज्या शिक्षकांची ये-जा आगगाडीने होते, त्यांना धोक्याचा क्षण ओळखता आला पाहिजे. तो क्षण म्हणजे गाडी फलाटावरून हलते तो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या हातातील फोन बाहेरून हिसकावला जातो आणि गाडी वेग घेत असल्याने त्यास उतरता येत नाही. मुंबईकडे रुळांलगत उभे राहून दारातील प्रवाशाच्या हातावर काठी मारणाऱ्यांना ‘फटका टोळी’ असे नावच पडले आहे. फोन विजेच्या खोबणीस लावून डुलकी घेणे हेही तितकेच घातक. बाजार, परभणीचा उरूस, माळेगावची यात्रा अशा गर्दीत सदऱ्याचा वरचा खिसा उपयोगाचा नाही.

तथापि कितीही जपले तरी वस्तू जाते ती जातेच. खरी तजवीज फोन हाती असतानाच करावयाची असते. प्रत्येक फोनला १५ अंकी ओळखक्रमांक असतो. त्यास आयएमईआय म्हणतात. फोनवर *#०६# दाबले असता तो दिसतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्ही वहीत लिहून घ्यावेत. ते फोनमध्येच जपून ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावणे होय.

या क्रमांकात गणिताच्या शिक्षकाला आवडेल अशी एक खुबी आहे. त्याचा पंधरावा अंक पहिल्या चौदा अंकांवरून ठरतो. उदाहरणार्थ, ४९०१५४२०३२३७५१ हे चौदा अंक घ्या. दुसरा, चौथा, सहावा असे समस्थानचे अंक दुप्पट करावेत आणि दुप्पट दोन अंकी आल्यास त्या दोहोंची बेरीज धरावी. म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे पुन्हा ९. ही बेरीज ३० येते. विषमस्थानच्या अंकांची २२. एकूण ५२. पुढची दहाची पट ६०. तेथे पोहोचण्यास ८ हवेत, म्हणून पंधरावा अंक ८. लिहिताना एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक उघडी पडते. पाचवीच्या मुलाला हे सहज जमते. ज्या घरी आजीला किंवा आईला अक्षरओळख नाही, तेथे मुलाने घरच्या फोनचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून असा पडताळून पाहावा. मात्र तो वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नये, अथवा पालकांच्या गटावर मागवू नये.

फोनच्या पडद्यास कुलूप असावेच; सिमकार्डासही वेगळा संकेतांक लावावा. नाहीतर चोर ते कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून बँकेचे संदेश निवांत वाचतो. कुलूपबंद पडद्यावरही संदेशांचा मजकूर दिसू देऊ नये.

फोन गेल्याचे कळताच प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून घंटी द्यावी. पुष्कळदा तो टेबलाखालीच असतो! नसल्यास, तो इंटरनेटशी जोडलेला आहे तोवर, दुसऱ्या यंत्रावरून त्याचे ठिकाण पाहून त्यास दुरून कुलूप घालावे. मग विलंब न लावता बँकेला कळवावे आणि सिमकार्ड बंद करवावे. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. मुख्याध्यापकांनाही सांगावे, लाजू नये. रेल्वेप्रवासात मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे. चोरी धावत्या गाडीत झाली असली तरी, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार, हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते.

यानंतर त्या वहीतल्या क्रमांकाचे काम सुरू होते. चोरीचे फोन देशभर निकामी करण्याच्या केंद्रीय योजनेचा आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच झाला. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ती सर्व देशास खुली झाली. तेथे ओळखक्रमांक, तक्रारीची प्रत आणि ओळखीचा पुरावा दिला की तो फोन कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालेनासा होतो, आणि कोणी त्यात कार्ड घातल्यास पोलिसांना माग मिळतो. अर्ज करताना संकेतांक आपल्या क्रमांकावर येतो, म्हणून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड आधी घ्यावे. नव्या कार्डावर संदेशसेवा २४ तासांनी सुरू होते, म्हणून तेवढा धीर धरावा. ओळखक्रमांक बदलणारास दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

जुना फोन पावतीविना स्वस्तात मिळत असेल, तर केवायएम ही तीन रोमन अक्षरे, एक मोकळी जागा आणि ओळखक्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा; तो फोन काळ्या यादीत आहे काय हे कळते. आणि हरवलेला फोन पोलिसांकडून परत मिळालाच, तर त्याच संकेतस्थळावर बंदी उठविण्याचा अर्ज करावा लागतो. तोपर्यंत तो मालकाच्या हातीही मुकाच राहतो.